आधी पाय दाखवा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी ३४ वर्षांचा आहे. भाजीपाल्याचा पिकअप चालवतो. संध्याकाळी माल भरायचा, रात्रभर गाडी, पहाटे वाशी मार्केट, दुपारी परत. गेली चार वर्षं जांघेत बारीक गाठी येतात. आधी हरभऱ्याएवढी असते, मग बोराएवढी होते. आठ-दहा दिवस ठणकते, क्लच दाबताना जीव जातो. कधी आपोआप बसते, कधी फुटून पू येतो. महिना-दीड महिना बरा जातो की पुन्हा त्याच बाजूला, नाहीतर दुसऱ्या. मेडिकलवाला पाच दिवसांच्या गोळ्या आणि एक ट्यूब देतो, तेवढ्यापुरतं थांबतं. शुगर कधी तपासली नाही. दिवसाला एक पाकीट सिगारेट आहे. मोबाइलवर वाचलं तर कॅन्सर, टीबी, एड्स सगळंच निघालं. घरी कुणाला बोललो नाही. हे काय असेल? आणि कोणत्या डॉक्टरकडे जायचं तेही कळत नाही.
— एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर : 'क्लच दाबताना' असं लिहिलंत ते बरं केलंत. डावी बाजू जास्त छळते एवढं मला इथे बसून कळलं. बाकीचं तपासल्याशिवाय कुणी छातीठोक सांगू नये, मीही नाही. पण डॉक्टरकडे जाण्याआधी घरच्या घरी, कडी लावून, पाच मिनिटांत तुम्हालाच बरंच कळण्यासारखं आहे.

झोप उडाली आहे म्हणून आधी कॅन्सरचं. जी गाठ येते, ठणकते, फुटते आणि निघून जाते, तिची चाल कॅन्सरची नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि एकदा आली की मुक्काम हलवत नाही. तुमची चार वर्षं ये-जा करते आहे. तेव्हा आज रात्री गाडी चालवताना डोक्यात तेवढं तरी नको.

आता गाठ नेमकी कशात आहे ते पाहू. जांघ म्हणजे पोट आणि मांडी यांच्यामधली घडी. जागा जेमतेम चार बोटांची, पण दाटी किती! वर कातडी, तिच्यात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी. तिच्याखाली लसिकाग्रंथी, ज्यांना दवाखान्यात सगळे 'नोड' म्हणतात. त्याखाली पायाला रक्त नेणारी मोठी रोहिणी आणि परत आणणारी नीला. शिवाय पोटाच्या भिंतीतली ती कच्ची वाट, जिच्यातून आतडं बाहेर डोकावतं. यांतल्या प्रत्येकाची गाठ निराळी आणि उपाय निराळे. पुढची गाठ आली की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हळूच कातडी उचलून बघा. गाठ कातडीबरोबर वर आली तर ती कातडीतली. नुसती कातडी वर आली आणि गाठ खाली राहिली, बोटाखाली शेंगदाण्यासारखी सरकली, तर बहुधा नोड. पाठीवर निजल्यावर गायब होत असेल, आणि उभं राहून खोकल्यावर बोटांना धक्का देत असेल, तर हर्निया, म्हणजे आपला जुना अंतर्गळ. पायाच्या शिरा फुगलेल्या माणसात शिरेचा फुगाही तसाच निजल्यावर जातो.

तुमची फुटते, पू येतो. म्हणजे कातडीतली, असा माझा कौल आहे. पण हे पान वाचणारे सगळे पिकअप चालवत नाहीत, आणि जांघेतल्या गाठीची माझ्याकडे आलेली सर्वांत जास्त माणसं तुमच्यासारखी नव्हती. त्यांच्याकडे आधी जाऊन येते. तुमच्याही उपयोगाचं आहे.

माझा दवाखाना अकोल्याला; नगरच्या अकोल्याला, विदर्भातलं अकोला वेगळं. आषाढात भाताची आवणी सुरू झाली की राजूर, भंडारदरा, घाटघर या बाजूच्या बायका जांघ धरून येतात. त्या गाठ म्हणत नाहीत. 'बाई, अवधाण आलंय' म्हणतात. शब्द जुना आहे आणि आमच्या पुस्तकातल्या शब्दापेक्षा हुशार आहे. कारण पायाला काही झालं म्हणून जांघेत येतं ते अवधाण, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. मला ते कळायला वेळ लागला.

मी दवाखाना सुरू केला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. चाळिशीची एक बाई दीड महिन्यात तिसऱ्यांदा आली. उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ, हात लावू देईना. आधी दोघांनी गोळ्या दिल्या होत्या, एकदा मी दिल्या होत्या. गोळ्या असेपर्यंत गाठ बसायची, संपल्या की आठवड्यात परत. मी पडद्यामागे टेबलावर निजवून जांघ चांगली चाचपली, पोट पाहिलं, आतल्या तपासणीचाही विचार केला, सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला घेतली. ती टेबलावरून उतरली, उजवा पाय फरशीवर टेकला आणि 'आई गं' म्हणाली. तेव्हा कुठे मी खाली पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी भिजलेल्या कागदासारखी पांढरी झालेली, मधोमध लाल चीर, आणि तो ओळखीचा कुबट वास. चिखल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून वर बिब्बा लावलेला, त्यानं कडेची कातडी भाजून काळी पडलेली. विचारलं, 'अगं, हे का नाही सांगितलं?' तर म्हणाली, 'त्यात काय सांगायचं, चिखल्या कोणाला न्हाईत?'

चूक तिची नव्हती. सोनोग्राफीची चिठ्ठी मी फाडली. बोटांच्या बेचक्यात बुरशीचं मलम, पाय धुऊन कोरड्या फडक्यानं प्रत्येक बेचकं पुसायचं, रात्री पाय उघडे ठेवायचे, आणि बरं दिसलं तरी पुढे दोन आठवडे मलम चालू. त्या वर्षी गाठ पुन्हा आली नाही. तेव्हापासून जांघेतली गाठ घेऊन कुणीही आलं, सरपंच असो की शाळेतली मास्तरीण, माझं पहिलं वाक्य ठरलेलं : आधी पाय दाखवा.

कारण साधं आहे. पायाच्या नखांपासून कुल्ल्यापर्यंत, बेंबीखालचं पोट, जननेंद्रियाची बाहेरची कातडी, गुदद्वाराचा खालचा भाग, एवढ्या मुलुखातली लसिका, म्हणजे अंगात झिरपणारं पाण्यासारखं द्रव, जांघेतल्या ग्रंथींतून गाळून वर जाते. यात कुठेही जंतू शिरला की गाळणी सुजते. टाचेची भेग, रुतलेलं नख, चप्पल चावून झालेला फोड, गुडघ्यावरचं खरचटणं, मूळव्याधीशेजारचं छोटं गळू, वस्तऱ्यानं केस काढताना लागलेलं पातं. जखम भरून आठवडा झाला तरी गाठ राहते, म्हणून माणूस दोन्हींची सांगड घालत नाही. आणि भेग दर हिवाळ्यात उघडते, चिखल्या दर पावसाळ्यात होतात, म्हणून गाठही 'पुन्हा पुन्हा' येते. ठणका आठ-दहा दिवसांत जातो. सूज पुरती ओसरायला तीन-चार आठवडे लागतात, आणि कित्येकदा वाटाण्याएवढी खूण कायमची राहते. आमच्या भागात जन्मभर अनवाणी चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाच्या जांघेत असे दोन-चार वाटाणे लागले नाहीत तर मलाच नवल वाटतं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपर्यंतचे, मऊ, सरकणारे, न दुखणारे वाटाणे असू द्यावेत. रोज दाबून पाहू नयेत, दाबल्यानंही दुखतात. गूळ-चुना थापू नये. पाय मात्र लाल झाला, लाली चढत चालली, हुडहुडी भरून ताप आला, तर ते धावरं, म्हणजे कातडीत पसरत जाणारा जंतुसंसर्ग. त्याला मलम पुरत नाही, त्याच दिवशी दवाखाना.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडच्या वाचकांसाठी एक निराळी ओळ. तिकडे ताप, जांघेत दुखरी गाठ, आणि तिच्यापासून मांडीवर खाली उतरत जाणारी लाल दोरी असं वरचेवर होत असेल, पाय किंवा अंडकोष जड वाटत असेल, तर हत्तीरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे जंतू दिवसा रक्तात सापडत नाहीत, रात्री वर येतात. म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री आठ-नऊनंतर बोटाला सुई टोचायला दारात येतात. त्यांना 'उद्या सकाळी या' म्हणून परत पाठवू नका.

पायाचीच आणखी एक गोष्ट, ही जड आहे. सत्तरीतले एक बाबा, उजव्या जांघेत मोठ्या सुपारीएवढी गाठ, तीन महिन्यांची. दुखत नव्हती म्हणून कुणाला सांगितली नव्हती. हाताला दगडासारखी. पाय वर करून टाच पाहिली तर रुपयाएवढा काळा डाग, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला ओलसर. 'काटा मोडला होता दोन वर्षांखाली, त्यो आतच ऱ्हायलाय.' काटा नव्हता, कातडीचा कॅन्सर होता. गोऱ्यांच्या देशात तो पाठीवर आणि पायांवर उन्हानं होतो, आपल्याकडे होतो तेव्हा बरेचदा तळपायाला किंवा नखाखाली. नाशिकला पाठवलं, पण तो जांघ ओलांडून पुढे गेला होता. तेव्हापासून चिखल्या दिसल्या तरी मी दुसरा पाय आणि दोन्ही टाचाही उलटून बघते.

आता माझी स्वतःची चूक, कारण ती सांगितल्याशिवाय पुढची सूचना पटायची नाही. १९९७ साली मी सर्जरी शिकत होते. रात्रपाळीला एक बारीक अंगाची आजी आली, जांघेत लिंबाएवढी दुखरी गाठ, दोन दिवसांची. पायाला टाचेच्या भेगा होत्याच. मला वाटलं, झालं निदान. नोड म्हणून दाखल केलं, प्रतिजैविक सुरू केलं आणि निजायला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला हिरव्या उलट्या सुरू झाल्या आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ऑपरेशन करताना दिसलं, आतड्याचा एक वेटोळा जांघेच्या खालच्या वाटेत अडकून काळा पडला होता. तेवढा तुकडा काढावा लागला. आजी वाचली, पंधरा दिवसांनी घरी गेली आणि जाताना माझ्याच तोंडावरून हात फिरवून गेली, ते मला अजून सोसत नाही. वयस्क, बारीक बायकांत हा मांडीच्या मुळाशी येणारा हर्निया असतो. तो खोकल्यावर धक्का देत नाही, निजल्यावर आत जात नाही, नोडसारखा गपगार बसून राहतो. म्हणून नियम : जांघेत दुखरी गाठ आणि त्याबरोबर उलट्या, पोटात कळा, गॅस-शौच बंद, असं असेल तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. सकाळची वाट बघायची नाही. आणि घरात कुणी 'गळू आहे, चीर देऊन टाकू' म्हणालं तर त्याच्या हातातलं ब्लेड काढून घ्यायचं.

'जांघेत गाठ' या दोन शब्दांची जी धास्ती आपल्याकडे आहे तिचं मूळ कॅन्सरच्याही आधीचं आहे. माझी आजी हे शब्द ऐकले की पहिला प्रश्न विचारायची, 'घरात उंदीर पडला का?' प्लेगला 'गाठीचा ताप' म्हणायचे, आणि प्लेगच्या गाठीची पहिली जागा जांघ. १८९६ मध्ये तो मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले त्यातच गेल्या, रोग्यांची सेवा करताना. उंदीर मरू लागले की गावं ओस टाकून माणसं रानात झोपड्या बांधून राहायची, हे आजीनं डोळ्यांनी पाहिलेलं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात तो पुन्हा निघाला तेव्हा मी इंटर्न होते. आठवडाभर ओपीडीत येणारा प्रत्येक माणूस आपण होऊन जांघ चाचपत होता. तीस वर्षांत मी स्वतः प्लेगची एकही गाठ पाहिलेली नाही. आजीची धास्ती मात्र रोज पाहते, फक्त आता ती मोबाइलमधून येते.

तर पिकअपवाले, आता तुमच्याकडे.

तुमच्या गाठीसाठी दोन शक्यता. पहिली, साधे केसतोड. केसाच्या मुळात जंतू शिरतो, गळू होतं, फुटतं. रात्रभर रेक्झिनच्या सीटवर घाम, घट्ट जीन्स, आतल्या चड्डीची शिवण नेमकी त्या घडीत घासणारी. केस वस्तऱ्यानं काढत असाल तर वाढणारा केस वळून कातडीतच शिरतो. हे वरचेवर होत असेल तर शुगर तपासलीच पाहिजे. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी, दोन्ही. चौतिसाव्या वर्षी डायबेटिसची पहिली बातमी जांघेतल्या गळवानं आणली, असे माझ्याकडे कितीतरी आहेत.

दुसरी शक्यता मला जास्त वाटते, कारण चार वर्षं, दोन्ही बाजू आणि सिगारेट. तिचं नाव लांबलचक आहे, हायड्रॅडेनायटिस सप्युरॅटिव्हा. वेल्पो नावाच्या फ्रेंच सर्जननं १८३९ मध्ये तिचं वर्णन केलं. पुढे व्हर्नय या दुसऱ्या फ्रेंच सर्जननं ठरवलं की हा घामाच्या ग्रंथींचा आजार, म्हणून ते नाव. आता कळलंय की बिघाड केसाच्या मुळाशी सुरू होतो, ते तुंबतं, आतल्या आत फुटतं आणि भोवती आग पेटते. घामाच्या ग्रंथी बिचाऱ्या नंतर भरडल्या जातात. नाव तेच राहिलं. हा आजार काखेत, जांघेत, कुल्ल्यांच्या घडीत, बायकांना छातीखाली होतो. ओळखायची खूण सांगते. आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहा : जोडीनं असलेले काळे ठिपके आहेत का, एकाच छिद्राला दोन तोंडं असल्यासारखे? जुन्या गाठींच्या जागी दोरीसारखे कडक व्रण आहेत का? एक ठिकाण दाबलं की दुसऱ्याच छिद्रातून पू येतो का? काखेतही कधी असं झालं होतं का? दोन उत्तरं 'हो' आली तरी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तेच. सर्जन दुसऱ्या पायरीला.

अस्वच्छतेनं हा आजार होत नाही, आणि दुसऱ्याला लागतही नाही. हे मी मोठ्यानं लिहिते, कारण माझ्याकडे येणारी पोरं दिवसातून तीनदा डेटॉलनं घासून कातडी सोलून आलेली असतात. सिगारेटचा आणि वजनाचा मात्र या आजाराशी घट्ट संबंध आहे. पाकीट बंद केलं की महिन्यात गाठी थांबतील असं आश्वासन मी देणार नाही, पण पाकीट चालू ठेवून औषधांना काम करायला सांगणं म्हणजे हँडब्रेक ओढून घाट चढणं. ते तुम्हाला मी काय सांगावं.

उपचारात पाच दिवसांच्या गोळ्यांचा उपयोग नाही, हे तुम्ही चार वर्षं पाहिलंच. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी दोन-तीन महिने, बरोबर लावायला क्लिंडामायसिन, हे सुरुवातीला. त्यानं भागलं नाही तर पुढची औषधं आहेत, इंजेक्शनंही आहेत, महाग आहेत. गाठ ठणकते तेव्हा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दहा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चारदा. पिळायची नाही. सर्जननं नुसती चीर देऊन पू काढला तर दोन दिवस सुख आणि पुन्हा तीच जागा. आत भुयार झालं असेल तर त्याचं छप्परच उघडावं लागतं, मग ते तळापासून भरून येतं. हे वेळखाऊ आहे पण टिकतं. सुती, सैल, लांब पायाची चड्डी घाला, जिची शिवण घडीत येत नाही. केस काढायचेच तर ट्रिमर.

मेडिकलवाल्याच्या ट्यूबचं वेष्टन मात्र आज उजेडात वाचा. त्यात क्लोबेटासोल, बेटामेथासोन असा शब्द असेल तर ती स्टिरॉइडची आहे. जांघेची कातडी पातळ, तिथे हे मलम दोन-तीन महिने गेलं की कातडी आणखी पातळ होते, ताणल्यासारखे पट्टे पडतात, आणि गजकर्ण असेल तर तो दाबला जाऊन आणखी पसरतो. आज घराघरात जो हट्टी गजकर्ण दिसतो त्यात या ट्यूबांचा मोठा वाटा आहे. माझ्या हातात असतं तर चिठ्ठीशिवाय ती ट्यूब मिळालीच नसती.

एड्सचं लिहिलंत म्हणून सरळ विचारते, आणि उत्तर मला नाही, स्वतःला द्या. बाहेर कधी संबंध आला आहे का? जननेंद्रियावर न दुखणारा फोड येऊन गेला, किंवा बारीक पुरळाचे घोस येऊन चुरचुरले आणि आठ दिवसांत गेले, तर जांघेतली गाठ त्याची असू शकते. जिल्हा रुग्णालयात लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट होते, नाव गुप्त राहतं. काही निघालं तर बायकोलाही तपासावं लागेल, तेव्हा हे एकट्यानं निस्तरायचं काम नाही. आणि काही बाहेर संबंध नसेल, तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नव्हताच. ज्याच्यासाठी होता त्यानं वाचला असेल.

घाई कधी करायची? गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, कडक, खाली चिकटलेली. किंवा रबरासारखी, न दुखणारी, महिना-सव्वा महिना उलटूनही न घटणारी. मानेत-काखेतही तशाच गाठी. रोज संध्याकाळी ताप, रात्री बनियन भिजेल एवढा घाम, पँट सैल होणं. यांतलं काही असेल तर सुई घालून किंवा तुकडा काढून तपासणी लागते. टीबी किंवा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आहे का ते तिथेच कळतं. तुकडा काढला की रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. आणखी एक : जांघेतल्या गाठीच्या नादात वृषण तपासायचं राहू नये. त्याची लसिका जांघेत येतच नाही, सरळ पोटात जाते. तिथे काही कडक लागलं तर जांघ मोकळी आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना दोन्ही जांघांत मुगाएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्या लागतात. दुखत नाहीत. वर्षापासून तशाच आहेत. सासूबाई म्हणतात, टीबीची तपासणी कर. — एक आई, पुणे

उत्तर : सात वर्षांच्या, मैदानात खेळणाऱ्या, गुडघे फोडून घेणाऱ्या मुलाच्या जांघेत मुगाएवढ्या गोळ्या असणारच. वर्षभरात वाढल्या नाहीत, मुलगा जेवतो, खेळतो, वजन वाढतंय, तर रक्त काढायलाही नेऊ नका. पाय मात्र बघा. डासाचे चावे खाजवून झालेल्या खपल्या, बोटांची बेचकी, नखं. आंघोळीच्या वेळी रोज गोळ्या मोजत असाल तर ते बंद करा. महिन्यातून एकदा पुरे.

प्रश्न : वय ५८. उजव्या जांघेत उभं राहिलं की फुगा येतो, झोपलं की जातो. दोन वर्षं पट्टा लावतोय. पट्टा आणखी किती वर्षं लावावा? — एक वाचक, सातारा

उत्तर : एकही दिवस नको. पट्टा हर्निया बरा करत नाही, फुगा दाबून ठेवतो आणि खालची कातडी खराब करतो. जाळी बसवून ऑपरेशन होतं, उपजिल्हा रुग्णालयातही होतं. दिवाळीनंतर, ऊसतोडीनंतर, मुलीच्या लग्नानंतर असं करत अडकलेल्या अवस्थेत येऊ नका. आणि खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करावा लागणं यांतलं काही असेल तर ते ऑपरेशनच्या आधी सांगा, नाहीतर जाळीलाही तोच जोर सोसावा लागेल.

प्रश्न : मला चार महिन्यांपासून तिथे गाठ आहे. आमच्या गावात पुरुष डॉक्टरच आहेत. दाखवायची लाज वाटते. काय करू? — एक वाचक

उत्तर : तुमचं वय, गाठीचा आकार, काहीच लिहिलेलं नाही, तेव्हा चार महिने पुष्कळ झाले एवढंच म्हणते. पुरुष डॉक्टरकडे जाताना तपासणीच्या वेळी सिस्टर किंवा घरची बाई शेजारी उभी असावी असं तुम्ही मागू शकता, तो तुमचा हक्क आहे आणि शहाणा डॉक्टर स्वतःच तिला हाक मारतो. साडी किंवा परकर नेसून जा, सलवारीपेक्षा सोपं पडतं. तोंडानं सांगवत नसेल तर कागदावर लिहा, 'जांघेत गाठ, चार महिने', आणि कागद टेबलावर ठेवा. आणि जाताना पाय धुऊन जा.